ठाणे-नवी मुंबईच्या मुलांनी इंजिनिअरिंगला बाहेर जावं का? माझा अनुभव

सीईटीचा निकाल लागला की आमच्या कळव्यात एकच चर्चा, मुंबई युनिव्हर्सिटी भारी की पुणे, आणि अमरावती-नांदेडचं नाव काढलं की लोक थेट नाकच मुरडतात. मी नवी मुंबईतल्या एका प्रायव्हेट कॉलेजमधून कॉम्प्युटर केलं, मग ऐरोलीला आयटी पार्कात जॉब लागला, तिथे टीममध्ये सगळ्या महाराष्ट्रातली मुलं, आणि त्यांच्यासोबत काम करून माझं मत पक्कं झालंय की मुंबई-पुणे-अमरावती अशा विभागांची तुलना करूच नका, कॉलेजची करा, त्यातही आपल्या ब्रँचची.

मुंबई युनिव्हर्सिटी 1857 ची, पुणे 1949 ची, कोल्हापूरची शिवाजी 1962 ची, पण नुसत्या वयावरून काय कळणार? एकट्या मुंबईखाली ठाणे, पालघर, रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंतची कॉलेजं येतात, सगळी एकसारखी कशी असतील. युनिव्हर्सिटीला नॅकची (कॉलेज-युनिव्हर्सिटीचा दर्जा तपासणारी संस्था) ए प्लस प्लस ग्रेड आहे म्हणून तुमच्या कॉलेजला ती लागू होत नाही, कॉलेजची नॅक वेगळी असते आणि एनबीए, म्हणजे कोर्सच्या दर्जाची मान्यता, तर ब्रँचनुसार मिळतं, म्हणजे मेकॅनिकलला आहे आणि कॉम्प्युटरला नाही असंही होऊ शकतं. ऑटोनॉमस आहे का तेही बघा. तिथे सिलॅबस आणि परीक्षा कॉलेजची, डिग्री मात्र युनिव्हर्सिटीची.

आता खरा फरक सांगतो. टीममध्ये सांगलीकडची एक मुलगी होती, पहिल्याच आठवड्यात सर्व्हर अडकला तर तिने टर्मिनल उघडून लॉग, म्हणजे सर्व्हरच्या नोंदी, वाचून काय बिघडलंय ते शोधून दिलं, आम्ही मुंबईकडचे नुसते बघत होतो. तिला विचारलं तर म्हणाली, हॉस्टेलच्या पोरांसाठी लॅब रात्रीपर्यंत उघडी असायची, काही ना काही करत बसायचो. आमच्याकडे पाच वाजले की लॅबला कुलूप, आणि निम्मी मुलं तर त्याआधीच ठाणे लोकल पकडायला पळालेली, प्रॅक्टिकल म्हणजे एकाचं जर्नल बाकीच्यांनी छापायचं. पण इथे राहण्याचा फायदाही आहे, रबाळे-महापेच्या कंपन्या जवळ, इंटर्नशिप घरून जाऊन करता येते, तिला त्यासाठी रूम घ्यावी लागली असती.

ॲडमिशनचं एक नीट समजून घ्या. बारावी जिथून केली त्या भागाची युनिव्हर्सिटी ती तुमची होम युनिव्हर्सिटी, म्हणजे बारावी ठाण्यातून असेल तर मुंबई. प्रायव्हेट कॉलेजांत साधारण 70 टक्के जागा होमवाल्यांना, 30 टक्के बाहेरच्यांना, म्हणून पुण्याचा कटऑफ बघताना जीओपनएच (ओपन, होमवाल्यांचा) नाही, जीओपनओचा (ओपन, बाहेरच्यांचा) बघा, नाहीतर उगाच आशा लागते. मुंबईतल्या व्हीजेटीआय कॉलेजसारख्या ठिकाणी राज्यभरातून जागा भरतात, तिथे जीओपनएस दिसेल. आणि नियम दरवर्षी माहितीपुस्तिकेतून तपासा, मागच्या वर्षीच्या मित्राच्या सांगण्यावर जाऊ नका.

पॅकेजचं म्हणाल तर बॅनरवरचा सर्वात मोठा आकडा सोडून द्या. कॉलेज एनआयआरएफमध्ये (केंद्र सरकारचं कॉलेज रँकिंग) असेल तर त्यांनी भरलेल्या माहितीत मीडियन पगार (निम्म्यांना त्याहून जास्त, निम्म्यांना कमी असा मधला आकडा) मिळतो, किती जणांना जॉब लागला तेही असतं, दोन्ही आकडे एकत्र वाचा. मग एक दिवस जाऊन थर्ड इयरच्या पोरांना गाठा, शिकवणारे सर टिकतात की दर सेमिस्टरला बदलतात, लॅब किती वाजता बंद होते, एवढं विचारा, ते खरं सांगतात.