बर्ली तंबाखू पाइपमध्ये कशी ओढावी: ठाणे-नवी मुंबईच्या दमट हवेसाठी

"बर्लीला चवच नसते, नुसता कडू धूर येतो" असं कुणी म्हणालं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ओढली कुठल्या महिन्यात? उत्तर बहुतेक वेळा जून ते सप्टेंबरमधलंच येतं. तंबाखू चांगली असते, पाइपही चांगला असतो, पान मात्र ओलं असतं. ओल्या बर्लीतून आधी वाफ येते, मग जीभ पोळते, मग पाइप गुरगुरायला लागतो आणि शेवटी सगळा दोष मिश्रणाच्या माथी मारला जातो. त्यात परदेशी मंडळींचा तोच तो सल्ला: डबा उघडा, तासभर ताटलीत पसरून ठेवा. त्यांच्या कोरड्या हवेत ते चालतं. घोडबंदर रोडला जुलैमध्ये ताटली तासभर उघडी ठेवलीत तर पान सुकायचं सोडून आणखी पाणी पिऊन बसेल. खाडीकाठी, वाशी-नेरूळ-सीवूड्सला तर विचारूच नका.

हे सगळं आधीपासून पाइप ओढणाऱ्या प्रौढांसाठी लिहितोय. जे ओढत नाहीत त्यांनी सुरू करू नये, हे मनापासून सांगतो. धूर छातीत घेतला नाही तरी तोंडाचा आणि घशाचा कर्करोग होऊ शकतो. निकोटीनची सवय लागते आणि बर्लीत निकोटीन चांगलंच असतं.

पान समजून घ्या

आपल्याकडे तंबाखू म्हटलं की निपाणी आठवते. ती विडीची तंबाखू, तिचं पान आणि तिची वाळवण दोन्ही वेगळं. पांढरी बर्ली हा अमेरिकेतला वाण. 1864 मध्ये ओहायो राज्यातल्या ब्राउन काउंटीत, केंटकीहून आणलेल्या बियाण्यातून काही फिकट रोपं निघाली. त्यांच्यात हरितद्रव्य कमी होतं. त्या रोपांपासून पुढे हा वाण पसरला. आज तो आंध्रात विनुकोंडा भागातही पिकतो.

व्हर्जिनिया या दुसऱ्या जातीच्या तंबाखूचं पान भट्टीच्या उष्णतेत आठवडाभरात वाळवतात, त्यामुळे त्यातली साखर जागच्या जागी राहते. बर्ली सावलीत, हवेशीर कोठारात कित्येक आठवडे टांगलेली असते. हळूहळू वाळताना पान स्वतःतलीच साखर खर्च करून टाकतं. हातात येते ती जवळजवळ बिनसाखरेची, सच्छिद्र, स्पंजासारखी पत्ती. तिच्या धुराला गोडवा नाही. त्यात भाजलेले शेंगदाणे, बिनसाखरेचा कोको आणि कोरडं लाकूड आहे. ही पत्ती पाणी, कोको, ज्येष्ठमध, काकवी, जे द्याल ते शोषून घेते, म्हणून कारखानदार तिला असली पुटं चढवतात. ठाण्याच्या हवेतलं पाणीही ती तितक्याच आनंदाने पिते. पुढचं सगळं याच एका गुणाभोवती फिरतं.

निवड थोडक्यात

सुरुवात साध्या, कमी वासाच्या मिश्रणाने करा. आर. जे. रेनॉल्ड्स कंपनीने 1907 मध्ये बाजारात आणलेली प्रिन्स अल्बर्ट हा या जातीचा जुना, प्रामाणिक नमुना आहे. व्हॅनिला आणि चेरीच्या वासाने घमघमणारी पाकिटं घेऊ नका. त्यात बर्ली असते, पण तिची चव सापडत नाही. शिवाय अशा बऱ्याच मिश्रणांत ओल टिकवणारं प्रॉपिलीन ग्लायकोल घातलेलं असतं. आपल्या पावसाळ्यात ती धड सुकतच नाहीत.

पाइप ब्रायरचा (एका झुडपाच्या मुळाजवळच्या टणक लाकडाचा) चालतो, पण बर्लीसाठी मला मक्याच्या कणसाचा पाइप जास्त आवडतो. मिसूरी मीर्शॉम ही कंपनी 1869 पासून तेच पाइप बनवते. कणीस ओल शोषतं, धूर कोरडा येतो आणि किंमतही आवाक्यातली असते.

सुकवणं: इथेच बहुतेकांचं बिघडतं

याच टप्प्यावर मी बराच काळ अडलो होतो, त्यामुळे इथे घाई करणार नाही.

हवेतली आर्द्रता साधारण 60-65 टक्के असेल तर पान आपसूक ओढण्याजोगं राहतं. पावसाळ्यात आपल्याकडे ती बहुतेक वेळ 80 च्या वर असते. म्हणजे उघड्या हवेत पान सुकण्याची शक्यताच नाही. आधी कोरडी हवा तयार करायची, मग त्यात पान ठेवायचं. शे-दोनशे रुपयांचा आर्द्रतामापक घरात असला तर अंदाजपंचे काम थांबतं.

सगळ्यात चांगली जागा म्हणजे एसी चालू असलेली बंद खोली. एसी ड्राय मोडवर ठेवा, दार लावा, अर्धा तास खोली कोरडी होऊ द्या आणि मगच तंबाखू काढा. एका वेळी एकदोन पाइप भरतील इतकीच काढा. ती स्टीलच्या ताटात एका थरात पसरा. वर्तमानपत्रावर पसरू नका, शाईचा वास पत्तीत उतरतो. पंख्याच्या थेट झोताखाली ठेवू नका, वरचा थर कडक होतो आणि खालचा तसाच राहतो. बारीक कापलेल्या पत्तीला पाऊण तास पुरतो. चौकोनी तुकडे असतील तर दीड-दोन तास धरा. दर पंधरा मिनिटांनी बोटांनी वरखाली करा.

एसी नसेल तर टेबल लॅम्पला जुना तारेचा 40 वॉटचा बल्ब लावा आणि ताट त्याखाली वीतभर अंतरावर ठेवा. एलईडी दिव्याचा उपयोग नाही, त्याची उष्णता पोचत नाही. ताट हाताला जेमतेम कोमट लागलं पाहिजे. चटका बसला तर दिवा वर घ्या.

काय करू नये तेही सांगतो, कारण हे सल्ले अजून फिरतायत. मायक्रोवेव्ह नको: काही काड्या करपतात, काही ओल्या राहतात आणि पुटाचा वास उडून जातो. तवा नको. ऊन नको, पान निर्जीव होतं. तांदळाच्या डब्यात पुरून ठेवणं नको. आणि स्वयंपाकघर तर अजिबात नको. जी पत्ती कोको शोषते तीच हिंग-मोहरीची फोडणीही शोषते, मग पाइपभर आमटीचा वास येत राहतो. देवघरात उदबत्ती लागली असेल तर तेवढा वेळ ताट झाकून ठेवा.

आता सुकली की नाही हे ओळखायचं कसं? चिमटीत धरून पाहा, असं सगळेच सांगतात. बर्लीच्या बाबतीत ती परीक्षा अर्धवट आहे. पत्ती जाड असते. बाहेरून कोरडी लागते आणि आत ओल धरून असते. म्हणून आधी उजेडात नीट पाहा. ओली काडी गडद तपकिरी दिसते आणि तिच्या कडांवर बारीक चकाकी असते. सुकत गेली की चकाकी जाते, रंग मातकट होतो आणि पानाच्या शिरेचा फिकट धागा वेगळा दिसायला लागतो. तो धागा दिसला की चिमूटभर पत्ती अंगठा आणि तर्जनीमध्ये दाबा आणि सोडा. गोळा होऊन राहिली तर ओली आहे. हळूच उलगडून पसरली तर झाली. ती कानाजवळ नेऊन चोळली की मऊ सळसळ ऐकू यावी. कडकड वाजून भुगा पडला तर जास्त सुकली.

एवढ्यावर थांबू नका. सुकलेली पत्ती काचेच्या छोट्या बरणीत घट्ट झाकण लावून रात्रभर ठेवा. आतली ओल बाहेरच्या थरापर्यंत येते आणि सगळी पत्ती एकसारखी होते. सकाळी पुन्हा दाबून पाहा. बऱ्याचदा ती रात्रीपेक्षा ओलसर लागते, हीच लपलेली ओल. दहा-पंधरा मिनिटं पुन्हा कोरड्या खोलीत काढा. हा रात्रीचा मुक्काम जे गाळतात त्यांनाच पाइप अर्ध्यावर गुरगुरण्याची तक्रार असते. माझ्या मते या सगळ्यात याला पर्याय नाही.

जास्त सुकली तर सफरचंदाची फोड किंवा बटाट्याची साल बरणीत टाकण्याचा उपाय सांगतात. आपल्या हवेत तो म्हणजे बुरशीला आमंत्रण. पावसाळ्यात ताट खिडकीजवळ दहा मिनिटं ठेवा, ठाण्याची हवा लागेल तेवढं पाणी स्वतःच घालते. डिसेंबर-जानेवारीत, कोरडा वारा सुटतो तेव्हा, काम उलटं होतं. तेव्हा सुकवायची गरज क्वचित पडते, आणि पत्ती उघडी राहिली तर बघता बघता चुरा होते. त्या दिवसांत बरणीचं झाकण सैल राहू देऊ नका.

भरणं आणि पेटवणं

तीन चिमटींत भरा: पहिली नुसती सोडा, दुसरी हलकी दाबा, तिसरी जरा जास्त. रिकामा झुरका घेऊन पाहा, हवा सहज यायला हवी. चौकोनी तुकडे दाबायचे नाहीत, ओतायचे आणि पाइपला टिचकी मारायची.

काडेपेटी पावसाळ्यात डब्यात ठेवा. गॅसचा लायटर चालतो. पेट्रोलचा नको, त्याचा वास पहिल्या झुरक्यातच बर्लीवर बसतो. एकदा वरवर पेटवा, फुगून आलेली पत्ती टॅम्परने, म्हणजे पत्ती दाबायच्या छोट्या दट्ट्याने, हलकेच खाली बसवा, पुन्हा पेटवा.

सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला 2 ऑक्टोबर 2008 पासून देशभर बंदी आहे. तलावपाळी, उपवन, पाम बीचच्या कडेचा फुटपाथ, सोसायटीचा जिना ही त्याची जागा नव्हे. स्वतःच्या घरात ओढतानाही लहान मूल, गरोदर बाई किंवा दमेकरी असेल त्या खोलीत ओढू नका. वरच्या मजल्यावरच्यांची खिडकी उघडी आहे का, तेही पाहा.

ओढण्याचा वेग

उपाशीपोटी बर्ली ओढू नका. तिचा धूर अल्कधर्मी असतो, त्यामुळे निकोटीन तोंडाच्या त्वचेतूनच रक्तात शिरतं, छातीत धूर न घेताही. उचकी लागली, घाम फुटला, मळमळलं की पाइप तिथेच ठेवून द्या, गोड काहीतरी खा आणि बसून राहा. तो पाइप पुन्हा उचलू नका.

झुरका छोटा आणि सावकाश हवा. मधे दहा-पंधरा सेकंद जाऊ द्या. बाउल, म्हणजे पत्ती भरायचा भाग, तळहातात धरून बघत राहा. हात मागे घ्यावासा वाटला तर वेग जास्त आहे. साखर नसल्यामुळे बर्ली व्हर्जिनियासारखी जीभ सोलत नाही, पण तापली की शेंगदाणे आणि कोको जातात आणि नुसती राख जिभेवर येते. विझली तर विझू द्या. पुन्हा पेटवण्यात काही कमीपणा नाही. विझू नये म्हणून भराभर ओढणं मात्र नक्की चूक आहे.

चवीचं म्हणाल तर पहिला भाग पुटाचा असतो: कोकोचा वास, थोडं ज्येष्ठमध. खरी बर्ली मधल्या भागात भेटते. शेंगदाणे भाजताना साल करपायच्या जरा आधीचा जो वास येतो, तोच धुरात असतो. तो नाकातून अगदी थोडा बाहेर सोडा, कारण चव जिभेपेक्षा तिथे जास्त कळते. तिसऱ्या भागात धूर जड होत सिगारच्या जवळ जातो. तळाची पत्ती ओली लागली की थांबा, शेवटची चिमूट संपवायचा हट्ट धरू नका. सोबत कोरा चहा किंवा बिनसाखरेची कॉफी घ्या. दुधाचा गोड चहा घेतलात तर बर्ली पुसट होते.

नंतरची कामं

पाइप पूर्ण थंड होईपर्यंत दांडी ओढून काढू नका, आतली खुंटी तुटते. थंड झाल्यावर नळीत क्लिनर (पाइप साफ करायची मऊ तार) घाला, राख झटका आणि पाइप उभा ठेवा. एरवी दोन दिवस विश्रांती पुरते, पावसाळ्यात चार दिवस द्या. चामडी पाउचमध्ये तर मुळीच ठेवू नका, आठवड्याभरात बाउलमध्ये पांढरी बुरशी दिसेल.

साठ्यासाठी मोठा डबा उघडलात की त्याच दिवशी, एसीच्या खोलीत, छोट्या काचेच्या बरण्यांत वाटून टाका आणि झाकणावर महिना लिहा. मोठी बरणी पावसात रोज उघडली की रोज नवी ओल आत जाते. जून ते सप्टेंबर एका वेळी एकच छोटी बरणी वापरात ठेवा. बाकीच्या कपाटात, सिमेंटच्या भिंतीला न टेकवता ठेवा. उघडल्यावर कुबट वास आला किंवा पत्तीवर कापसासारखे तंतू दिसले तर वरचं काढून खालचं वापरू नका, अख्खी बरणी फेकून द्या आणि काच उकळत्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी झाल्यावरच पुन्हा भरा.