मणक्यात स्क्रू बसवण्याआधी विचारायचं ते

एसटीच्या वर्कशॉपात तेहतीस वर्षं फिटर होतो. गाडीत काय ढिलं झालंय ते आवाजावरून सांगायचो, पण स्वतःच्या कमरेचं दुखणं कळायला दोन वर्षं लागली. घरापासून मारुती चौकापर्यंत चाललो की दोन्ही पोटऱ्या भरून यायच्या, पायांचे नुसते दगड. भाजीच्या गाड्यावर हात टेकून वाकलो की दोन मिनिटांत सुटायचं. आणि सायकल? ती कितीही चालवा, तक्रार नाही! मणक्यातून नसा जातात ती नळी अरुंद झाली होती. पुढे वाकलं की ती जराशी रुंदावते, म्हणून हा खेळ. पायातल्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या तरी चालताना पोटऱ्या दुखतात, मात्र ते दुखणं नुसतं उभं राहिलं तरी थांबतं. तेव्हा पायाची नाडीही तपासून घ्या.

पहिल्या डॉक्टरांनी एमआरआय उजेडात धरला आणि म्हणाले, "सहा स्क्रू, दोन रॉड." मी विचारलं, "ढिलं काय झालंय?" उत्तर धड मिळालं नाही. आमची ही बाहेर आल्यावर म्हणाली, "दुसऱ्याला दाखवा." दाखवलं.

दुसऱ्या डॉक्टरांनी आधी उभं राहून एक्स-रे काढायला लावला, मग पुढे वाकून, मग मागे वाकून. एमआरआय झोपवून काढतात. झोपल्यावर जागेवर बसलेला मणका उभं राहिल्यावर पुढे सरकत असेल, तर ते त्यात दिसेलच असं नाही. स्क्रूचा निर्णय या सरकण्यावर बराच अवलंबून असतो, म्हणून हा एक्स-रे मागून घ्याच.

कारण कामं दोन आहेत. मागचं हाड आणि जाड झालेला पडदा कोरून नसेला जागा करून देणं हे एक, आणि हलणारे मणके एकमेकांना जखडणं हे दुसरं. स्क्रू-रॉड दुसऱ्या कामासाठी. गादीच्या जागी बसवतात तो केज टायटॅनियमचा किंवा पीक नावाच्या कडक प्लास्टिकचा असतो. तो दोन मणक्यांत उंची राखतो आणि त्याच्या आतबाहेर भरलेलं हाड पुढे जुळून येतं. २०१६ साली स्वीडनमधल्या २४७ रुग्णांचा अभ्यास आला, २०२१ साली नॉर्वेतला. मणका थोडा सरकलेल्यांतही नुसती जागा करून दिलेले लोक जखडलेल्यांच्या मागे पडले नाहीत. पण मणका वाकताना जास्तच हलत असेल, पाठ बाजूला कलली असेल, किंवा नस सोडवताना सांधाच काढावा लागणार असेल, तर स्क्रू लागतात. तिथे हट्ट करू नका.

तिसरा प्रकार स्पेसरचा. पाठीवर हाताला लागतात त्या दोन टोकांमध्ये पाचर बसवायची, म्हणजे कमर तेवढ्या जागी कायमची किंचित वाकलेली राहते. माझी सायकलच म्हणा ना! मला ही युक्ती फार आवडली होती. पण २०१३ च्या डच अभ्यासात पाचर बसवलेल्यांपैकी २९ टक्क्यांना पुन्हा ऑपरेशन लागलं, हाड कोरून जागा करण्याच्या जुन्या पद्धतीत ८ टक्क्यांना. अमेरिकेत २००५ साली मान्यता मिळालेला एक्स-स्टॉप नावाचा स्पेसर तर २०१५ मध्ये बाजारातून गेला. हाडं ठिसूळ असली तर ते टोकच मोडू शकतं.

सही करण्याआधी एवढं विचारा: कुठल्या मणक्यावर काम, किती मणके जखडणार, आणि न जखडता भागेल का? जखडलेल्याच्या वरच्या-खालच्या मणक्यावर पुढे ताण येतो, म्हणून आकडा जितका कमी तितकं बरं. स्क्रू घालायचेच असतील तर हाडांची घनता मोजून घ्या. भुसभुशीत लाकडात स्क्रू धरत नाही, तसंच हे. साखर आटोक्यात आणा. आणि तंबाखू सोडा. निकोटिनने हाड जुळत नाही, हे ऐकून मी चुन्याची डबी तिथेच टेबलावर ठेवली.

लघवी अडली किंवा बैठकीची जागा बधिर झाली, तर मात्र यातलं काही विचारत बसू नका. त्याच रात्री हॉस्पिटल गाठा.

माझं चौथ्या-पाचव्या मणक्यामधलं नुसतं कोरून झालं, धातू काही घातला नाही. तुमच्यात घातला, तर प्रत्येक इम्प्लांटचा बॅच नंबर असलेला स्टिकर डिस्चार्जच्या कागदावर चिकटवून घ्या. आम्ही साधं बेअरिंग बदललं तरी रजिस्टरला चढवायचो.