पावसाळ्यानंतर जुनी शेवरोले सुरू करताना

चार महिने पत्र्याखाली उभी असलेली गाडी दसऱ्याला काढताना थेट स्टार्टर मारू नका. लालबागला आमच्या बाबांची १९४७ची शेवरोले आहे, तिच्यावरून सांगते. आधी सहाही स्पार्क प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडा, रात्रभर राहू द्या. सकाळी टॉप गिअर टाकून दोघांनी गाडी हळूहळू ढकला. इंजिन मोकळं फिरलं की प्लगच्या भोकांतून तेल उडतं, तोंड लांब ठेवा.

ऑइल डिपस्टिकच्या, म्हणजे तेल मोजायच्या पट्टीच्या, वरच्या खुणेपर्यंत हवंच. १९२९ला शेवरोलेनं चार सिलिंडरच्या किमतीत सहा सिलिंडर दिले, त्याच घराण्यातलं हे इंजिन. कनेक्टिंग रॉडच्या, म्हणजे पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या दांड्याच्या, खालच्या टोकाला छोटी पळी असते, ती तेलात बुडून बेअरिंगला तेल पाजते. तेल कमी पडलं की पळी कोरडी फिरते नि बेअरिंग जातं. सुरुवातीला रेस करूच नका. ऑइल प्रेशरचा काटा खालीच राहतो, या इंजिनाचा दाबच कमी, घाबरू नका.

बॅटरी सहा व्होल्टचीच. एका दुकानदारानं मला आजकालच्या बारा व्होल्टच्या गाडीची बारीक केबल दिली, स्टार्टर नुसता कण्हत राहिला. सहा व्होल्टला करंट दुप्पट लागतो, केबल करंगळीएवढी जाड घ्या.

जनरल मोटर्सनं १९२८ला आपल्या शिवडीतच जोडणीचा कारखाना काढला होता, १९५४ला तो बंद झाला. शिवडी स्टेशन आलं की बाबा अजून खिडकीशी सरकतात.