बडोद्यात घर भाड्याने देताय? या चुका टाळा

वाघोडिया रोडला फ्लॅट घ्यायचा, विद्यार्थ्यांना द्यायचा, भाड्यात हप्ता परस्पर निघेल! हे गणित ऐकून कान किटले आता.

पहिली चूक म्हणजे बाराही महिने भाडं येणार असं धरणं. समजा ४५ लाखांचा फ्लॅट, भाडं १४,००० रुपये. वर्षाचे १,६८,००० दिसतात. भाडेकरू बदलला की एक महिना घर रिकामं, एक महिन्याचं भाडं दलालाला, रंगाला २०,०००, मेंटेनन्स १८,०००, घरवेरा म्हणजे आपली घरपट्टी ६,०००. उरले ९६,०००, म्हणजे सव्वादोन टक्केही नाहीत. म्हणून चांगला भाडेकरू हजार रुपयांसाठी घालवू नये. मी तर वर्षाला दहाच महिन्यांचं भाडं धरतो.

दुसरी चूक डिपॉझिटला कमाई समजण्याची. ओळखीतल्या एका उत्साही गृहस्थांनी समा भागात तळमजला स्वस्तात घेतला, आलेलं डिपॉझिट पुढच्या फ्लॅटच्या बुकिंगला घातलं. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी २५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ३७ फुटांवर गेली. घरात पाणी शिरलं. भाडेकरू सामान उचलून गेला आणि डिपॉझिट मागू लागला. इकडे प्लायवूड फुगलेलं, वायरिंग गेलेलं, घर दिवाळीपर्यंत रिकामं, हप्ता मात्र चालूच. शेवटी बायकोची एफडी मोडली. डिपॉझिट वेगळ्या खात्यात ठेवा, तिकडे बघूही नका. आणि घर घेताना दलालाला नाही, कोपऱ्यावरच्या पानवाल्याला विचारा पाणी कुठवर आलं होतं. जिन्याखालच्या भिंतीवर रंगाखालून ओलीची रेषा दिसते का, मीटरची पेटी मुद्दाम वर नेलीय का, तेही पाहा.

रंगाची बिलं टॅक्ससाठी जपणारेही भेटतात. भरलेला घरवेरा वजा करून राहिलेल्या भाड्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, दुरुस्ती करा नाहीतर करू नका. घरवेराही त्याच वर्षी मालकाने स्वतः भरलेला असला तरच वजा होतो.

अकरा महिन्यांचा करार नुसता व्हॉट्सॲपवर? अजिबात नको. पोलीस ठाण्यातली भाडेकरूची नोंदही टाळू नका.

राहिलं लाइट बिल. ते दोन महिन्यांनी येतं, तोवर भाडेकरू सुरतेला पोहोचलेला असतो आणि मीटर तुमच्या नावावर. किल्ली देताना आणि घेताना मी त्याला शेजारी उभं करून मीटरचा फोटो काढतो, आकडा वहीत लिहून सही घेतो. मग अंदाजाने बिलाचे पैसे कापून बाकीचं डिपॉझिट देतो, आणि बिल आल्यावर फरक गूगल पेवर.