जुन्या आठवणींनी बरं वाटायच्या ऐवजी जड वाटतंय? या चुका टाळा

सतत कामात असणाऱ्या आणि काहीतरी मोठं करायचंय म्हणून धावणाऱ्या लोकांना जुन्या आठवणीत रमणं म्हणजे टाइमपास वाटतो, "मागे काय बघायचं, पुढे बघा". पहिली चूक इथेच होते. 1688 मध्ये योहानेस होफर या स्विस डॉक्टरने नॉस्टॅल्जिया, म्हणजे जुन्या दिवसांची हुरहुर, हे नाव दिलं तेव्हा तो चक्क आजार मानला होता, घरापासून लांब राहणाऱ्यांना होणारा. आता चित्र बरंच बदललंय. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टन युनिव्हर्सिटीचे मानसशास्त्रज्ञ टिम वाइल्डशुट, कॉन्स्टंटाइन सेडिकिडीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 मध्ये जे काम मांडलं त्यात दिसलं की लोकांना बहुतेक वेळा मन खट्टू असताना, एकटं वाटत असताना जुनं आठवतं, आणि नीट आठवलं की आपली माणसं आहेत ही भावना वाढते, स्वतःबद्दलही बरं वाटतं. म्हणजे डेडलाइनच्या मधेच अचानक शाळेचा वर्ग डोळ्यासमोर आला तर लक्ष उडालं म्हणून स्वतःवर चिडू नका, मन स्वतःला सावरतंय.

पण मग बऱ्याच जणांना आठवणींनी उलट त्रास का होतो?

माझ्या मते सगळ्यात जास्त घोळ तुलनेमुळे होतो. महत्त्वाकांक्षी माणूस आठवणीतसुद्धा हिशोब मांडतो, तेव्हा मी किती वाचायचो, किती मित्र होते, आणि आता बघा. आठवण तीच असते पण "तेव्हा मी किती भारी होतो" वर थांबलात तर आजचा दिवस फिका पडतो, आणि "तेव्हा ज्याने ते निभावलं तो मीच आहे" असं म्हटलंत तर आज हात चालायला लागतात. म्हणून आठवण आली की एकच विचारा, यातलं माझ्यात अजून काय शिल्लक आहे? चिकाटी, थट्टामस्करी, कोणाला तरी समजावून सांगायची आवड, काहीही असेल, त्यातलं एक या आठवड्यात वापरा.

दुसरं म्हणजे ट्रॉफीच्याच आठवणी काढणं. नंबर आला, प्रमोशन मिळालं, स्टेजवर गेलो. त्या काढा ना, पण ऊब मिळते ती माणसांच्या आठवणीत. बक्षिसापेक्षा आदल्या रात्री तुमच्यासोबत जागून प्रश्न विचारणारी मैत्रीण आठवा, तिचा आवाज, टेबलावर पसरलेले कागद, पहाटे दोघींना आलेलं विनाकारण हसू. असं बारीकसारीक आठवलं की मन खरंच तिथे जातं, "कॉलेजचे दिवस मस्त होते" एवढ्या मोघम वाक्याने काहीच होत नाही. आणि मग तिला मेसेज टाका! एवढी साधी गोष्ट लोक करत नाहीत, एकटेच आठवतात आणि एकटेच उदास होतात.

रात्री थकून अंथरुणात पडल्यावर फोनमधले जुने फोटो सरकवत बसणं पण टाळा. शंभर फोटो भराभर बघण्यात एकही आठवण धड येत नाही, झोप मात्र जाते. एक फोटो निवडा, दिवसा बघा, त्याबद्दल चार ओळी लिहा किंवा कोणाला तरी सांगा, दहा मिनिटं पुरे.

आता ज्यांना कायम काळजी करायची सवय आहे त्यांनी हे जरा नीट वाचा. मानसशास्त्रज्ञ बास फेरप्लांकनच्या 2012 च्या अभ्यासात अशा लोकांना नॉस्टॅल्जियाने आधी छान वाटलं पण नंतर चिंता आणि उदासीची लक्षणं वाढलेली दिसली, कारण निवांत भूतकाळ आणि आजची काळजी यातली दरी अजूनच डोळ्यात भरते. तुमचं असं होत असेल तर आठवणीत एकटं लांबवर जाऊ नका, छोटी आठवण घ्या, शक्यतो दुसऱ्या कोणासोबत, आणि लगेच हातातल्या कामाकडे किंवा चालायला वळा. तेच तेच "मी असं का केलं" मनात फिरायला लागलं तर ते रवंथ आहे, नॉस्टॅल्जिया नाही, तिथे थांबायचं.

आठवणींच्या भरात मोठे निर्णय तर अजिबात घेऊ नका. 1997 मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात कॅलिफोर्नियातल्या तीन आठवड्यांच्या सायकल ट्रिपवर गेलेल्यांना ट्रिप चालू असताना जेवढी आवडली त्यापेक्षा नंतर आठवताना जास्त छान वाटली. मन काटे गाळून टाकतं, आणि ते चांगलंच आहे, फक्त जुन्या नोकरीत परत जायचं किंवा तुटलेलं नातं पुन्हा जोडायचं मनात आलं तर तेव्हा तुम्ही बाहेर का पडलात ते आधी कागदावर लिहा, त्या वेळचे मेसेज किंवा डायरी असेल तर वाचा, आणि एक-दोन दिवस जाऊ द्या.

आणि आठवणी काढून सुद्धा दोन-तीन आठवडे झोप, भूक, कामातला रस सगळंच गेलेलं असेल तर हा उपाय पुरणारा नाही, डॉक्टर किंवा समुपदेशकाची अपॉइंटमेंट घ्या, काम संपल्यावर बघू असं न म्हणता याच आठवड्यात.