पाखाडीवरचा शिक्क्याचा डबा: कोकणात लेटरबॉक्सिंग कसे मांडावे

इंग्लंडमधील डार्टमूरच्या ओसाड माळावर क्रॅनमियर पूल नावाची एक आडबाजूची दलदलीची जागा आहे. तेथवर चालत जाणाऱ्यांना आपले भेटकार्ड ठेवता यावे म्हणून जेम्स पेरट या वाटाड्याने १८५४ मध्ये तेथे एक बाटली ठेवली आणि त्यातून लेटरबॉक्सिंगचा छंद वाढत गेला. आज लपवलेल्या डब्यात एक रबरी शिक्का आणि एक वही असते. सूचनांच्या आधारे डबा शोधणारा त्यातील शिक्का आपल्या वहीत उमटवून घेतो, स्वतःचा शिक्का डब्यातील वहीत उमटवतो आणि डबा होता तेथेच परत ठेवतो.

कोकणात हा खेळ मांडताना पहिला प्रश्न जागेचा येतो. कर्नाळा आणि फणसाड ही नावे चटकन सुचतात. परंतु ती अभयारण्ये असून तेथे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ लागू आहे, त्यामुळे वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय तेथे काहीही ठेवू नये. देवराईसाठी तर परवानगी मागूही नये, असे माझे ठाम मत आहे. जेथून गावकरी वाळलेली काटकीही उचलत नाहीत, तेथे आपल्या खेळासाठी पालापाचोळा उकरणे योग्य नाही. या खेळाला खरी शोभते ती गावची पाखाडी: जांभ्याच्या पायऱ्यांची, गडग्यांच्या (रचलेल्या दगडांच्या कुंपणांच्या) मधून जाणारी, काजूच्या बागा मागे टाकून ऐन-किंजळाच्या रानातून सड्यावर (जांभ्याच्या उघड्या पठारावर) निघणारी वाट. जमीनमालकाची संमती घ्यावी, पोलीस पाटलांना कळवावे आणि झाकणावर ‘हा शोधखेळाचा डबा आहे’ असे ठळक मराठीत लिहावे, कारण बेवारस बंद डबा पाहून कोणालाही शंका येणे स्वाभाविक आहे.

शिक्का साध्या मोठ्या खोडरबरावर कोरता येतो. चित्र पातळ कागदावर मऊ पेन्सिलीने गडद काढावे, तो कागद रबरावर पालथा ठेवून पाठीमागून घासावा. रबरावर चित्र उलटे उतरते आणि शाईने उमटवताना सुलटे येते. लिनो (छाप्यासाठी कोरायचा मऊ तक्ता) कापण्याच्या कोरणीने रेषेच्या बाहेरचा भाग काढताना कड बाहेरच्या बाजूला उतरती ठेवावी, कारण रेषेच्या खालून पोखरल्यास ती दाबाने तुटते. शाईची उशी डब्यात ठेवू नये, ती शोधणाऱ्याने आणावी.

डबा लपवताना सर्वांत अधिक विचार सापांचा करावा लागतो. जांभ्याच्या सैल दगडांखाली फुरसे बसलेले असते आणि त्याचा रंग दगड-मातीत मिसळून जातो. म्हणून ज्या पोकळीचा तळ उभ्या माणसाला दिसत नाही, तेथे डबा ठेवू नये. गडग्याचा दगड सरकवूनही ठेवू नये, कारण त्यात मालकाचे नुकसान आहे. मोठ्या झाडाच्या उघड्या मुळांमधील, वरून दिसणारी, पानांनी झाकता येईल एवढी खाच उत्तम. शोधणाऱ्याने काठीने पाने बाजूला करावीत आणि मगच हात घालावा, हे वाक्य प्रत्येक सूचनापत्रात असलेच पाहिजे.

सूचना लिहिताना पावसाने बदलणाऱ्या खुणा टाळाव्यात. मार्चमध्ये कोरडा दिसणारा पऱ्या (पावसाळी ओढा) जुलैत ओलांडता येत नाही आणि टाकळा वाढला की पायवाटच दिसेनाशी होते. ‘विहिरीपासून वरच्या दिशेने बाविसावी पायरी, तेथून होकायंत्रावर १२० अंश, चौदा पावले’ अशी सूचना टिकते. मात्र एक पाऊल म्हणजे साधारण किती, हे सेंटिमीटरमध्ये द्यावे. लोखंडी फाटक किंवा विजेच्या खांबाजवळ उभे राहून दिशा घेतल्यास काटा फसवतो, तेव्हा तेथून दूर होऊनच दिशा घ्यावी.

पाऊस हा या छंदाचा कोकणातील मोठा शत्रू आहे. माझी पहिली वही जूनमध्ये डब्यातच लगदा झाली आणि तिच्यातील मुलांनी उमटवलेले शिक्के पुसले गेले, याचे मला अजून वाईट वाटते. रबरी कड असलेला, चारही बाजूंनी खटक्याने बंद होणारा डबा घ्यावा. वही आणि शिक्का वेगवेगळ्या झिपच्या पिशव्यांत ठेवावा. तरीही मृग नक्षत्र लागण्यापूर्वी डबा घरी आणावा आणि दसऱ्यानंतर, पायऱ्यांवरचे शेवाळ वाळल्यावर, सूचना स्वतः पुन्हा चालून तपासून मगच तो जागेवर ठेवावा. शिमग्याला चाकरमानी मुलाबाळांसह गावी येतात, तेव्हा वहीत कोरी पाने पुरेशी आहेत ना, हे आदल्या आठवड्यात पाहून यावे.