नजर कुठे ठेवायची?

नोकरीच्या पहिल्याच महिन्यात टीम लीडने मला बाजूला घेऊन सांगितलं, "बोलताना समोरच्याकडे बघत जा. नाहीतर काहीतरी लपवतोयस असं वाटतं." मी ते फार मनावर घेतलं. पुढच्या मीटिंगपासून डोळ्यांत डोळे घालून बोलू लागलो. समोरचा माणूस अवघडून मागे सरकायचा आणि माझं वाक्य अर्ध्यावर तुटायचं.

वाक्य तुटतं हा माझाच कमकुवतपणा, असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो. पण समोरचा चेहरा वाचणं हेही मेंदूला कामच असतं. १९९८ साली आर्थर ग्लेनबर्ग आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगांत दिसलं, की प्रश्न अवघड होत जातो तशी माणसं नजर वळवतात, आणि डोळे मिटून घेतल्यावर त्यांना उत्तरं जास्त चांगली आठवतात. म्हणजे विचार करताना तुमची नजर खाली किंवा बाजूला गेली, तर जाऊ द्या.

मग बघायचं कधी? मला सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट हीच. अ‍ॅडम केंडन यांनी १९६७ मध्ये गप्पांचं बारकाईने निरीक्षण करून दाखवलं, की लांब बोलायला सुरुवात करताना माणूस बहुधा नजर काढून घेतो आणि बोलणं संपत आलं की पुन्हा समोरच्याकडे बघतो. 'आता तू बोल' हे तो नजरेनेच सांगतो. मी शेवटी कागदाकडे बघत बसायचो, म्हणून माझं संपलंय हे कुणाला कळायचंच नाही. तेव्हा वाक्याचा शेवट समोरच्याकडे बघून करा आणि ऐकताना जास्त बघा, एवढं जमलं तरी खूप फरक पडतो. सलग रोखून बघायची गरज नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लंडनच्या सायन्स म्युझियममधल्या अभ्यासात लोकांना सोयीची वाटलेली नजरभेट सरासरी ३.३ सेकंदांची होती.

व्हिडिओ कॉलचं गणित वेगळं आहे. कॅमेरा स्क्रीनच्या वर असतो, त्यामुळे तुम्ही मनापासून समोरच्याच्या डोळ्यांकडे बघता तेव्हा त्याला तुम्ही खाली बघताय असं दिसतं. मी बोलणाऱ्याची खिडकी लहान करून कॅमेऱ्याच्या अगदी खाली आणून ठेवतो. थेट कॅमेऱ्यात फक्त पहिलं आणि शेवटचं वाक्य बोलताना बघतो. पूर्णवेळ भिंगाकडे बघत राहिलात तर समोरच्याची प्रतिक्रियाच दिसत नाही, आणि ती दिसणं जास्त महत्त्वाचं. टिपणं घेत असाल तर तसं आधीच सांगून टाका.

कॉलनंतर येणारा थकवाही खोटा नसतो. स्टॅनफर्डचे जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये त्याची संभाव्य कारणं मांडली. जवळून सतत आपल्यावर रोखलेले चेहरे हे त्यातलं एक आणि दिवसभर स्वतःचाच चेहरा दिसत राहणं हे दुसरं. प्रत्यक्ष बैठकीत सगळे बोलणाऱ्याकडे बघतात. इथे मात्र तुम्ही गप्प असलात तरी सगळे तुमच्याकडेच बघताहेत असं भासतं. सेटिंगमध्ये सापडलं तर स्वतःचं चित्र आजच लपवा. इतरांना तुम्ही दिसत राहता.

स्क्रीन शेअर करताना माझा हात कापायचा. रॉबर्ट झायन्स यांनी १९६५ मध्ये मांडलं होतं, की कुणी बघत असलं की सरावाचं काम सुधारतं आणि नवं काम बिघडतं. नोकरीच्या सुरुवातीला तर सगळंच नवं असतं! म्हणून दाखवायच्या पायऱ्या एकट्याने दोनदा करून बघा. समोर अडलात, तर "दहा मिनिटं द्या, करून दाखवतो" असं सरळ म्हणा. मला आजवर याला कुणी नाही म्हटलेलं नाही.

काहींना नजरभेटच मुळात त्रासाची असते, आणि ऑटिझम असलेल्या अनेकांचा हा रोजचा अनुभव आहे. "मी खाली बघत असलो तरी ऐकतोय" एवढं सांगणं पुरेसं असायला हवं, आणि ते ऐकून घेणं ही वरिष्ठांची जबाबदारी आहे.

हल्ली मी मुलाखती घ्यायलाही बसतो. प्रश्न विचारल्यावर समोरची मुलगी टेबलाकडे बघू लागली, की मी पुढचा प्रश्न टाकत नाही. थोड्या वेळाने तिची नजर वर येते आणि ती बोलायला लागते.